दाराचं तोंड कुणीकडे

पोटुशी बाई समोर येऊन बसली की कुठलाही डॉक्टर आधी विचारतो, कितवा महिना. गजभिये मॅडम विचारायच्या, "तुझ्या दाराचं तोंड कुणीकडे?"

त्या आमच्या प्रसूतिगृहात रुजू झाल्या त्या आठवड्यात मी हा प्रश्न ऐकला आणि मनात म्हटलं, झालं, ही बाई दिशा बघणारी निघाली. बायकांनाही तसंच वाटलं. एकीनं घाबरून सांगितलं, "दक्षिणेला आहे हो मॅडम, पण सासऱ्यांनी उंबऱ्याला नाल ठोकून घेतलीय." मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाल राहू दे. दार उघडलं की भट्टी दिसते का, तेवढं सांग."

भट्टी शिशाची होती. घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी एका ट्रस्टचं आमचं लहानसं प्रसूतिगृह होतं. मी तिथं स्टाफ नर्स. मागच्या बाजूला खोल्यांची एक लांबच लांब गल्ली आणि गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड. तिथं ट्रकच्या, टॅक्सीच्या जुन्या बॅटऱ्या यायच्या. माणसं घणानं त्या फोडायची, आतल्या शिशाच्या जाळ्या काढायची, आणि संध्याकाळी भट्टी पेटवून त्या वितळवून विटा पाडायची. डोंगरामुळे धूर वर जायचा नाही, गल्लीत उतरून बसायचा. जिभेवर गोडसर चव यायची. गल्लीतल्या बायका चेष्टेनं म्हणायच्या, आमच्याकडे संध्याकाळच्या चहाला साखर कमी लागते.

मॅडमनी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या उभ्याउभ्या डबा खात होत्या. त्यांनी डबा बंद केला. परत उघडला नाही.

त्या भंडाऱ्याकडच्या. शिक्षण नागपूरला. मुंबईत येऊन बरीच वर्षं झाली होती, पण राग आला की "काहून" आणि "बाप्पा" सुटायचंच. बुटक्या, सावळ्या, चालणं भराभर. साडी घोट्याच्या वर नेसायच्या, कारण लेबर रूमकडे पळताना पायात येते. मनगटावर पुरुषी घड्याळ, पट्ट्याला सुईनं पाडलेलं जादा भोक. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी हळहळलेलं त्यांना खपत नसे. एकूणच हळहळ खपत नसे. एकदा मी एका पेशंटला "बिचारी" म्हटलं, तर म्हणाल्या, "सिस्टर, बिचारी म्हटलं की आपलं काम झाल्यासारखं वाटते. झालं का काम?" मी सलाइन बदलायला गेले.

बाळ जन्मलं की त्या आईचं अभिनंदन करत नसत. बाळाला उलटं धरून रडवायच्या आणि म्हणायच्या, "आलास का बाप्पा? बघ आता इथलं."

तपासताना त्या बाईची वेणी उचलून हुंगायच्या. केसांत धूर राहतो, माणूस खोटं बोललं तरी केस बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. रॉकेल, लाकूड, कोळसा त्या ओळखायच्या, त्यात नवल नाही. पण एक वास त्यांना आधी लागेना. जळक्या रबरासारखा, उग्र. चौकशी केली तेव्हा कळलं, बॅटरीचे रिकामे काळे डबे भट्टीवाला फुकट देतो आणि बायका ते फोडून बंबात घालतात. चांगले जळतात, लाकूड वाचतं. बाळंतिणीला भरपूर कढत पाणी लागतं, म्हणून तिच्यासाठी तर मुद्दाम साठवून ठेवतात.

"फुकट देतो," मॅडम म्हणाल्या. "दानशूर माणूस."

दानशूर तो होताच. आमच्या वॉर्डातले सगळे पंखे त्याच्या वडिलांच्या स्मरणार्थ होते. प्रत्येक पात्यावर लाल अक्षरांत नाव. पंखा बंद असला की बाळंतिणीला झोपल्याझोपल्या ते वाचता यायचं.

मॅडमच्या खिशात कायम कागदाच्या पुड्या असायच्या. वर्तमानपत्राचा चौकोन, आत दोन चुरमुरे, तोंडाला पीळ. जेवणाच्या सुट्टीत त्या पुड्या वळत बसायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगारा वाटला. पण ती त्यांची परीक्षा होती. लस टोचायच्या दिवशी चालती-बोलती पोरं आली की एक पुडी हातात द्यायची आणि गप्प बघत राहायचं. कुणी पीळ सोडतं, कुणी फाडतं, कुणी आपटून आत काही आहे का ते ऐकतं. कुणी नुसती तोंडात घालतं. त्या कुणाला शाबास म्हणायच्या नाहीत, की चुकलं म्हणायच्या नाहीत. फक्त बघायच्या.

एके दिवशी गल्लीतली एक बाई दोन मुलगे घेऊन आली. थोरल्यानं पुडी सोडवली, एक चुरमुरा खाल्ला आणि दुसरा आईला दिला. धाकट्यानं पुडी चोखली, कागद ओला झाला तशी फेकली.

"हा एवढा होता तेव्हा काय करत होता?" मॅडमनी थोरल्याकडे बोट दाखवून विचारलं.

"हा? ह्याच्यापासून डबे लपवायला लागायचे. धाकटा तसा नाही. धाकटा गरीब आहे."

मॅडमनी मान डोलावली. पुढची आली, तिचंही तसंच. थोरली चलाख, धाकटा गरीब. तिसरी आली. तिनंही तोच शब्द वापरला, अगदी कौतुकानं. दुपारी मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सिस्टर, ह्या गल्लीतली दुसरी पोरं सगळीच गरीब काहून?"

त्यांनीच एकेका आईला परत बोलावून विचारलं. उत्तर आम्हां सगळ्यांना माहीत होतं, पण तसं जोडून कुणी पाहिलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. रीतच ती. पहिल्या खेपेला बाई सातव्या महिन्यात गावी जाते, कडक डोहाळे असले तर त्याच्याही आधी. साताऱ्याला, संगमेश्वरला, जिथं माहेर असेल तिथं. दुसऱ्या खेपेला घर, नवरा, थोरलं पोर कुणावर टाकणार? ती गल्लीतच राहते आणि नऊ महिने तो धूर घेते.

त्या दिवसापासून मॅडम बायका गावी पाठवायच्या मागे लागल्या. आणि सातव्यात नव्हे, लगेच. मेंदू घडायला सातव्याची वाट बघत नाही, असं सांगायच्या. यावरून सासवांशी रोज खडाजंगी.

"अहो मॅडम, तिसऱ्यापर्यंत तर आम्ही शेजारणीलासुद्धा सांगत नाही. दृष्ट लागते."

"शेजारणीला सांगूच नका. एसटीचं तिकीट काढा."

"आणि दुसऱ्या वेळेला माहेरी? लोक म्हणतील, सासूला पोसवत नाही."

"लोकांना माझ्याकडे पाठवा. मी त्यांची वेणी हुंगते."

काही सासवा ऐकायच्या, पुष्कळशा ऐकायच्या नाहीत. पण दोन पावसाळे मॅडमनी हे नेटानं केलं. आपण योग्य तेच करतोय अशी त्यांची खात्री होती. आमचीही होती.

शेवंताबाई आमच्या आया. मूळच्या मालवणकडच्या. त्यांचा नवरा बाबाजी गिरणीत होता. संपानं गिरणी गेली आणि तो गल्लीच्या टोकाला बॅटऱ्या फोडायला लागला. दोघांची मुलगी कुंदा ह्याच गल्लीत वाढली होती. घर भट्टीसमोर, दाराचं तोंड थेट शेडकडे. भट्टी कुंदाच्या जन्माआधीपासूनची. कुंदाचं लग्न कणकवलीकडे करून दिलं होतं, आणि तिला दिवस गेल्याचं कळल्यावर शेवंताबाईंनी सगळ्या वॉर्डात साखर वाटली. दृष्टीबिष्टीचं काही मनात आणलं नाही.

"पाचव्यात आणतेय तिला," त्या म्हणाल्या. "सासू खाष्ट आहे. चार महिने सुखानं राहील माझ्याकडे."

मॅडमनी साखरेची चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "आणायची नाही."

शेवंताबाई आमच्याशी सरळ मराठी बोलायच्या. चिडल्या की मालवणी. त्या दिवशी मालवणीच सुरू झालं. "डाक्टरबाई, पयला बाळंतपण आवशीकडे. माझ्या चेडवान, कुंदान, काय गुन्हो केल्यान? लोक माझ्या तोंडात शेण घालतले."

"तुझ्या घरात ती काय श्वास घेईल ते तुला ठाऊक आहे."

"मी घेतलंय. तिना घेतल्यान. मेलाव काय आम्ही?"

मॅडमनी त्यांना स्टुलावर बसवलं. मी इंजेक्शनच्या सुया उकळत होते, म्हणून सगळं ऐकलं.

"हे बघ शेवंता. पोटातल्या पोराचा मेंदू म्हणजे नवी वस्ती. घरं बांधायचं चाललंय. ह्या घरातून त्या घरात निरोप जातात, त्यावर सगळं चालतं. ते निरोप रसायनं घेऊन जातात. आणि त्यांच्यासाठी दार उघडतं कॅल्शियम, दुधातलं असते ना, ते. शिसं त्या कॅल्शियमचं सोंग घेतं. वारेला ते ओळखता येत नाही, ती त्याला आत सोडते. आत जाऊन ते दारात बसतं. उघडायचं तेव्हा दार उघडत नाही, नाही तेव्हा उघडतं. घरं सगळी उभी राहतात. बाहेरून बघशील तर पोर गोरंगोमटं, हातपाय ठीक. पण निरोप पोचत नाहीत. मग तू म्हणशील, नात गरीब आहे."

शेवंताबाई स्टुलावरून उठल्या. मग म्हणाल्या, "तिना मग जाऊचा खय? माहेर काय दोन असतत?"

"माझ्याकडे आण," मॅडम म्हणाल्या. "बोरिवलीला. दोन खोल्या आहेत. दाराचं तोंड डोंगराकडे, समोर झाडं."

आणि खरंच तसं झालं. कुंदा आली ती एसटीतून उतरून थेट बोरिवलीला. शेवंताबाई ड्यूटी संपली की दर दोन दिवसांनी डबे घेऊन जायच्या आणि येऊन कुरकुरायच्या. "चेडू माझा, आणि मी पाहुणी. डाक्टरबाईंना स्वयंपाक येत नाही. वरणात गूळ नाही, आमसूल नाही. नुसता डाळीचा चिखल." पण डोहाळजेवण तिथंच केलं. मी गेले होते. मॅडम हिरवी साडी नेसून, पाय दुमडून, आपल्याला हे काय करायचं असतं ते कुणीतरी सांगेल अशा चेहऱ्यानं बसल्या होत्या. कुंदा मात्र खूश होती. गॅलरीत बसून वेणी घालायची, आणि मॅडम येताजाता ती हुंगून म्हणायच्या, "नुसतं खोबरेल. झकास."

आठव्या महिन्यात मॅडमनी तिचं रक्त काढलं. शिशाची तपासणी तेव्हा सहज होत नसे. शहरातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये त्यांची मैत्रीण होती, तिच्याकडून करून घेतली. त्यांना हवा होता एक चांगला आकडा. धुरापासून दूर राहिलेल्या बाईचं रक्त कसं स्वच्छ असतं, हे ट्रस्टींना दाखवायला.

मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. मॅडमनी दोनदा विचारलं, "कुंदाच ना? नाव नीट बघ." फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या. त्यांना बसलेलं मी फारसं पाहिलं नव्हतं.

कुंदाच्या रक्तात शिसं होतं. भरपूर होतं. कणकवलीला दोन वर्षं राहून, बोरिवलीला झाडांसमोर बसून.

"हाडं," मॅडम म्हणाल्या. माझ्याशी नव्हे, असंच. "शिसं हाडात जाऊन बसतं. वर्षानुवर्षं बसतं. पोटात पोर आलं की आई त्याला आपल्या हाडातलं कॅल्शियम काढून देते. त्याच्यासोबत तेही निघते. ती लहानपणापासून ह्या गल्लीत होती. तिचं माहेर तिच्या हाडात आहे, सिस्टर. मी तिला कुठं पाठवणार?"

मग त्या उठल्या. टेबलावरच्या पुड्या उगाच सारख्या केल्या.

"मी दोन वर्षं बायका हलवत होते. पहिली पोरं चलाख, कारण पहिल्या खेपेची बाई नुकतीच गावाहून आलेली असते. दुसऱ्या खेपेपर्यंत तिच्या हाडात ही गल्ली भरलेली असते. हे मला दिसायला पाहिजे होतं. माहेर, सासर, बोरिवली, एसटीची तिकिटं. हलवायची होती भट्टी, आणि मी बायकांच्या मागे लागले. सगळे बायकांच्याच मागे लागतात. मीही."

मी त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी कुंडीत ओतलं आणि ट्रस्टींना फोन लावला.

ट्रस्टींच्या बैठकीला त्यांनी मलाही नेलं. शेवंताबाईंच्या घराबाहेर दोरीवर वाळत घातलेलं एक दुपटं त्या सोबत घेऊन गेल्या होत्या. ते एका रात्रीत राखाडी झालं होतं. त्यांनी ते टेबलावर पसरलं. बिस्किटांची बशी हलवायला लागली.

"ह्याच्यात पोरं गुंडाळतात," त्या म्हणाल्या.

भट्टीवाले शेठ त्या बैठकीला होते. अतिशय सभ्य माणूस. त्यांनी हात जोडून सांगितलं की हवा तपासायला सरकारी साहेब येऊन गेले आणि धुराचा मागमूससुद्धा मिळाला नाही. मॅडमनी विचारलं, किती वाजता आले होते? दुपारी. भट्टी किती वाजता पेटते? शेठ बिस्किटाकडे बघत राहिले.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमची तळमळ आम्हाला समजते. पण त्या वस्तीत बायकांना पोषण नाही, शिक्षण नाही. पोरं मंद निघायला शंभर कारणं असू शकतात. प्रूफ काय?"

"प्रूफ तुम्हाला मिळेल," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दहा-बारा वर्षं थांबा. ही पोरं शाळेत नापास होतील. मग तुम्हीच म्हणाल, ह्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. तेव्हा तुम्हाला प्रूफ लागणार नाही. आईच्या पोटातच पोराची पाटी कुणी पुसली, हे तेव्हा कुणी विचारणार नाही. आणि तीच पोरं भट्टीत कामाला येतील. तुम्हाला माणसं कमी पडायची नाहीत शेठ."

आम्हाला बाहेर काढलं म्हणता येणार नाही. चहा पाजून पाठवलं. दुपट्याची घडी करून शिपायानं आणून दिली.

गरोदर बायकांची तपासणी मंगळवारी असायची. पुढच्या मंगळवारी मॅडमनी ओपीडीतलं घडीचं टेबल काखेत मारलं, मला बीपीचं मशीन उचलायला सांगितलं आणि गल्लीतून चालत जाऊन भट्टीच्या फाटकात टेबल मांडलं. बरोबर मधोमध. ओपीडी कुठं भरवायची याबद्दल ट्रस्टच्या नियमात काही लिहिलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. बायकांची रांग लागली. आडोशाला चादर धरली. एकेक बाई येत होती, आणि मॅडम नेहमीच्याच आवाजात विचारत होत्या, तुझ्या दाराचं तोंड कुणीकडे? बायका आता उत्तर देत नसत. नुसतं शेडकडे बोट करत.

बॅटऱ्यांचा ट्रक आला आणि थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मॅडमनी त्याच्याकडे न बघता सांगितलं, "पोराचे ठोके ऐकतेय. बंद कर."

त्यानं बंद केला. तासाभरानं मुकादम बाबाजीला घेऊन बाहेर आला. शेवंताबाईंचा नवरा म्हणून मुद्दामच त्याला आणलं असावं. "टेबल उचल," मुकादम म्हणाला. बाबाजी शिशाच्या भुकटीनं केसांपासून पायांपर्यंत करडा झालेला. तो टेबलापाशी आला आणि तिथंच थांबला. रांगेत सगळ्यात पुढं कुंदा बसली होती, नववा लागलेली. बोरिवलीहून मॅडमबरोबर आली होती. आणि तिच्या मागं तिची आई, आयाच्या पांढऱ्या साडीत.

त्याची नोकरी गेली तर घर चालायचं शेवंताबाईंच्या पगारावर, आणि तो पगार त्याच ट्रस्टचा. हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं. शेवंताबाईंना तर सगळ्यांत जास्त.

"हात लावशीत त्या टेबलाक," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तर आज जेवाक मिळाचा नाय."

रांगेतली एक हसली. मग सगळ्याच. बाबाजीनं मुकादमाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ऐकलास ना? माका भूक लागता." आणि पायरीवर बसला.

असे बरेच मंगळवार गेले. कुंदाला मुलगी झाली, सोनाली. हातपाय ठीक, रंग छान. मॅडम तिला म्हणाल्या, "आलीस का माय? बघ आता." त्यानंतरच्या मंगळवारी टेबल परत फाटकात होतं.

दर मंगळवारी ट्रक दिवसभर फाटकात अडकायचा, शेवटी ट्रकवाले यायचे बंद झाले. शेठनी हिशेब केला असेल. भट्टी उठली. आमच्या गल्लीत लोकांनी पेढे वाटले, फुलबाज्या लावल्या. मॅडमनी पेढा घेतला नाही. "कुठं गेली?" एवढंच विचारलं. गोवंडीला, कचऱ्याच्या मैदानाच्या बाजूला, बाबाजीनं सांगितलं. तिथं दाट वस्ती, जागा स्वस्त. तो आता बसनं तिकडे कामाला जाणार होता.

"तिकडे बायका नाहीत का बाप्पा?" मॅडम म्हणाल्या.

बाबाजीला त्यांनी बजावलं, कामाचे कपडे तिथंच बदलायचे, डोक्यावरून आंघोळ करून यायचं. त्यानं मान डोलावली. तिथं नळ नव्हता, हे आम्हाला मागाहून कळलं.

ट्रस्टनं पुढं मॅडमना कळवलं की जागेच्या अडचणीमुळे पूर्णवेळ डॉक्टर ठेवणं शक्य नाही. कुणी भांडलं नाही. मीही नाही, मला घर चालवायचं होतं. त्या मात्र रागावलेल्या दिसल्या नाहीत. त्यांचा राग दुसऱ्या पत्त्यावर गेला होता. गोवंडीला एका समाजमंदिराच्या बाजूची खोली त्यांनी भाड्यानं घेतली आणि आमचं घडीचं टेबल ट्रस्टकडून रीतसर विकत मागितलं. ते ट्रस्टनं फुकट दिलं. एवढा दानधर्म त्यांनी केला.

त्या गोवंडीला गेल्या तो दिवस मे महिन्यातला. कुंदा सुट्टीला आली होती, ती मुलीला घेऊन भेटायला आली. सोनाली दोन वर्षांची होऊन गेली होती. उशिरा चालली, बोलत फारसं नव्हती. एका जागी टिकायची नाही आणि मधेच कुठंतरी बघत राहायची. शेवंताबाई सारखं सांगत होत्या, "बोलात. तिची आवसपण उशिरा बोललेली."

मॅडमनी खिशातून पुडी काढली. दारात टेम्पो उभा होता, टेबल चढवलेलं होतं. मला वाटलं, आज नको. पण त्यांनी ती मुलीच्या हातात दिली आणि नेहमीसारख्या गप्प उभ्या राहिल्या. आम्हीही.

सोनालीनं पुडी उलटसुलट केली. दाबली. तोंडाकडे नेली आणि परत खाली आणली. पीळ तिला सापडेना. बराच वेळ गेला. शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला होता. मग ती मुलगी दोन पावलं पुढं आली आणि पुडी मॅडमच्या तळहातावर ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"उघडून मागते आहे," मॅडम म्हणाल्या. खाली बसल्या, पीळ अर्धा सोडला आणि पुडी परत तिला दिली. तिनं राहिलेला अर्धा सोडवला. चुरमुरे जमिनीवर सांडले. तिनं एक उचलून खाल्ला.

"हिला मदत लागेल," मॅडम कुंदाला म्हणाल्या. "कायम लागेल. पण कुणाकडे मागायची ते हिला कळते. गरीब म्हणायचं नाही हिला कुणी. ही गरीब नाही. हिच्याकडचं घेतलं आहे."

कुंदा रडली नाही. तिनं मान डोलावली.

मॅडम उठल्या, साडी झटकली आणि टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसल्या. मागे टेबलाचे चार पाय आभाळाकडे. मी निरोपाचं काहीतरी बोलायचं म्हणून पुढं झाले, पण त्या आधीच ड्रायव्हरकडे वळल्या होत्या.

"कुठं राहतोस रे?"

"गोवंडी, मॅडम."

"बायको पोटुशी आहे का?"

"हो ना. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुणी नाही. दाराचं तोंड कुणीकडे तुझ्या?"

त्यानं गाडी सुरू केली. "कचऱ्याकडे, मॅडम," तो म्हणाला. मॅडमनी पुढं काहीतरी विचारलं. इंजिनच्या आवाजात मला 'भट्टी' एवढाच शब्द ऐकू आला, पण त्याचा चेहरा मला दिसला. त्यानं गाडी पुन्हा बंद केली होती आणि तो त्यांच्याकडे बघत होता.